त्रेसष्टपासून

काकू दुकानात आल्या की आधी माझ्या शर्टाच्या खांद्याकडे बघतात आणि म्हणतात, कुणी शिवलाय हा, त्याला माझ्याकडे पाठव. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली, काउंटरवर ठेवली आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या. मी मनात म्हटलं, झालं, तिसऱ्यांदा.

काकू म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. हे दुकान त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचा डेटा काढून द्यायचा हा धंदा मी त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि शिकले म्हणजे कशी, तर रोज बोलणी खाऊन. काका थकले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, दुकानाचं नाव राखलं नाहीस तरी चालेल, पेशंट मारू नकोस. डिस्कला ते पेशंटच म्हणायचे. डिस्क घेऊन येणाऱ्याला काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही.

हा पेशंट घरचाच होता. काकू कपडे बेततात, पण सगळ्यांचे नाहीत. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत अशा माणसांचे. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला हात एकच, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकाची मापं, प्रत्येकाचा पॅटर्न काकू कॉम्प्युटरवर काढतात आणि ते सगळं या एका डिस्कवर असतं. ही गेली तर निम्मी गिऱ्हाइकं उघडी पडतील, असं काका गमतीने म्हणायचे.

बिघाड दर वेळी एकच. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक लहानसा तक्ता असतो. आतला कुठला भाग कितव्या कप्प्यापासून सुरू होतो आणि किती कप्पे लांब आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता बिघडला की आतलं सगळं जागच्या जागी असूनही कॉम्प्युटरला सापडत नाही. तो खुशाल सांगतो, डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का? आणि लोक, धन्य त्यांची, हो म्हणून मोकळे होतात. काकू तेवढ्या शहाण्या. त्या बटण बंद करून सरळ माझ्याकडे येतात. आधीच्या दोन्ही वेळी मी डिस्क चाळून खरी जागा शोधली, तक्ता नव्याने लिहिला आणि पेशंट घरी पाठवला. बिघडलेल्या तक्त्यात काय होतं ते बघत बसले नव्हते. कचरा तो कचरा.

पण त्या दिवशी काकू पॅटर्नसाठी आल्याच नव्हत्या.

त्यांना एकच मुलगा, छोटू. दारातून आत येताना मान वाकवावी लागते एवढा आहे, शहरभर बस चालवतो, तरी छोटूच. लहानपणी त्याने काकांचा रेडिओ खोलला आणि परत लावताना तीन स्क्रू उरले. तेव्हापासून घरात म्हणच पडली, छोटूचा हात, वस्तूचा घात. एवढी अवजड बस, पण तिला त्याने कधी ओरखडा येऊ दिला नाही. घरात मात्र मांजराने कप पाडला तरी आधी त्याच्याकडे बघायचे. सगळे हसायचे, तोही हसायचा. थट्टा होती तोवर ठीक होतं. पण झालं काय, की तो रविवारी घरी यायचा, बाबांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरवर जुने फोटो बघायचा, आणि सोमवारी काकू मशीन लावतात तर डिस्क रिकामी. एकदा झालं, योगायोग म्हटलं. दुसऱ्यांदा काकूंनी त्याला विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, थेट सुनावलं. ज्या कामावर घर चालतं त्याची तुला एवढीही पत्रास नाही, असं म्हणाल्या. त्यातून शब्दाला शब्द वाढला. काकू म्हणाल्या, यापुढे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तो म्हणाला, हात कशाला, पाऊलही लावत नाही या घराला. आणि खरंच लावलं नाही. आता काकूंचं पाणी काय, छोटूचं काय, एकाच विहिरीचं. दोघांतलं कुणी आधी फोन करील तर शपथ.

“डेटा काढून दे नाहीतर नको देऊस,” काकू म्हणाल्या. “मी पुन्हा मापं घेईन सगळ्यांची. मला फक्त एवढं सांग, हे माझ्या पोराने केलं की नाही. आणि खोटं बोलू नकोस. तुझं तोंड मला वाचता येतं.”

मी म्हटलं, खरं तेच सांगेन. शब्द देऊन बसले. तोंडाला कुलूप लावून बसायला मला कधी जमलेलंच नाही.

त्या गेल्यावर मी आधी छोटूला फोन लावला. तो डेपोत होता. विचारलं तर उसळलाच. म्हणाला, तूही आता त्यांच्यातली झालीस का, घे, लिही माझ्या नावावर, आणखी काही फुटलंतुटलं असेल तर तेही लिही. मग जरा निवळला. म्हणाला, मी फोटो बघितले, बंद केलं, बास. तेही बाबांनी हट्ट केला म्हणून. हल्ली त्यांना तेच तेच फोटो बघायचे असतात. मशीन रखडत होतं, ते मी बाबांना बोललोसुद्धा, हे फार रखडतंय हो, काहीतरी झालंय याला. एवढाच काय तो माझा गुन्हा. फोन ठेवताना त्याने विचारलं, आई जेवते ना वेळेवर? मी म्हटलं, तूच विचार की. त्याने फोन ठेवून दिला.

मग मी कामाला बसले. काकांचा पहिला नियम असा, की पेशंटवर थेट हात चालवायचा नाही. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, मूळ डिस्क कपाटात ठेवायची आणि जे काय बरं-वाईट करायचं ते त्या प्रतीवर. या नियमावरून मी इतक्या शिव्या खाल्ल्यात की झोपेतसुद्धा आधी प्रत काढीन. प्रत निघाली. या खेपेला मी ठरवलं होतं, बिघडलेला तक्ता आधी वाचायचा. वीज खालीवर होऊन बिघडला असेल तर त्यात नुसता कचरा दिसेल, आणि छोटू सुटला.

कचरा नव्हता. तक्ता स्वच्छ होता. एकही अंक वेडावाकडा नाही. पहिला भाग सुरू, त्रेसष्टपासून.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आजची कुठलीही डिस्क त्रेसष्टपासून सुरू होत नाही. दोन हजार अठ्ठेचाळीसपासून होते. त्रेसष्ट ही जुनी रीत, मी धंद्यात आले तेव्हाची. कुठलंही यंत्र आज आपल्या बुद्धीने हा आकडा लिहिणार नाही. हा कुणीतरी बसून, हाताने, एकेक अंक दाबून लिहिलेला होता. छोटूला तर हा तक्ता कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही.

मी पुढचा आकडा बघितला, लांबीचा. तो मला वाचावा लागलाच नाही. पहिले दोन अंक दिसले आणि उरलेला माझ्या तोंडून आपोआप निघाला. अठरा, शहात्तर, शून्य चार, बावन्न.

हे आकडे काकांच्या घरातल्या पहिल्या डिस्कचे. लहानशी, विटेसारखी जड होती ती. मी नवी होते तेव्हा काका मुद्दाम तिचा तक्ता पुसायचे आणि मला म्हणायचे, लिही परत, हाताने. तिचे आकडे त्यांनी मला पाढ्यासारखे पाठ करायला लावले होते, चालीवर. गिऱ्हाईक समोर असलं तरी मधेच विचारायचे, त्रेसष्टच्या पुढे? आणि मी लाजेने लाल होऊन म्हणायचे, अठरा, शहात्तर, शून्य चार, बावन्न. ती डिस्क भंगारात जाऊन किती काळ लोटला. ते आकडे आता जगात दोनच माणसांना येत होते. त्यातली एक मी, आणि मी हे केलं नव्हतं.

मी उठून पाणी प्याले. मनाला समजावलं, शक्य नाही. काका मशीनला हात लावतील आणि आधी प्रत काढणार नाहीत? सूर्य पश्चिमेला उगवेल. पण मग एकेक आठवायला लागलं. मागे ते दुकानात येऊन बसले होते तेव्हा एका गिऱ्हाइकाची गंमत त्यांनी मला सांगितली, चहा झाल्यावर परत सांगितली, आणि निघताना दारात उभं राहून परत. त्यांनीच स्वतःच्या हाताने लावलेल्या कपाटापुढे उभे राहून ते मला विचारत होते, की पाने-पेचकस कुठे ठेवतेस गं तू. मी हसले होते. साठी बुद्धी नाठी, म्हणाले होते त्यांच्या तोंडावर. तेही हसले होते, पण जरा उशिरा.

सगळं उलगडत गेलं तसं मला नको नको झालं. छोटू येऊन गेला हे काकांच्या डोक्यात सकाळपर्यंत राहत नसेल. पण मशीनला काहीतरी झालंय ही काळजी राहत होती. मग काकू उठायच्या आत ते उठायचे आणि आपलं जन्मभराचं काम करायला बसायचे. हात तयार होते, आकडे तोंडपाठ होते. फक्त ज्या डिस्कचे ते आकडे होते, ती डिस्क घरात नव्हती. काम चोख करून ते जाऊन पडायचे, आणि उठेपर्यंत विसरून जायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही कुणी नव्हता.

खोटं बोलणं सोपं होतं. विजेचा झटका बसला म्हटलं असतं तर छोटू सुटला असता आणि काकांचीही झाकली मूठ राहिली असती. एकदा फोन उचललासुद्धा मी. पण मग पुढच्या एखाद्या सकाळी चौथ्यांदा झालं असतं. आणि आज डिस्क आहे, उद्या गॅस असेल, त्याचं काय? दोन दिवस मी कुणाचाही फोन घेतला नाही. एका बिचाऱ्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसले. शेवटी ठरवलं, की काकूंच्या आधी हे काकांना कळायला हवं. त्यांच्या कामाबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलायला मला त्यांनी शिकवलेलं नव्हतं.

मी त्यांना बोलावलं. एक केस अडलीय, जरा बघता का, म्हटलं. ते दुपारी आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी अडले याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मी कुणाची डिस्क ते सांगितलं नाही. प्रत उघडून तक्ता समोर धरला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावलं. मग मान डोलावली. काम चांगल्या माणसाचं आहे, म्हणाले. अंकाला अंक बरोबर, कुठे घाई नाही. पण हे आकडे या डिस्कचे नाहीत. एवढ्या मोठ्या पेशंटला एवढासा सदरा घातलाय कुणीतरी. कोण गाढव, असं म्हणत ते आकड्यांवरून बोट फिरवायला लागले, आणि बोटाबरोबर तोंडातून चाल आली. त्रेसष्ट. अठरा, शहात्तर.

तिथे ते थांबले.

मी दुसरीकडे बघत राहिले. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर वर करत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायची सोय नव्हती, कारण पुसलं असतं तर त्यांना दिसलं असतं.

“आधी प्रत काढली होती का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

“प्रतसुद्धा नाही काढली,” ते म्हणाले. मला वाटतं, बाकी सगळ्यापेक्षा त्यांना तेच जास्त लागलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, ही आमच्या घरची ना? मी मान हलवली. आणि छोटू म्हणूनच येत नाही ना? मी पुन्हा मान हलवली. कितीदा झालं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी विचारलं, काका, हे असं कधीपासून होतंय तुम्हाला? तर म्हणाले, ते आठवत असतं तर रडायचं काय होतं. एवढ्यातही त्यांनी मला हसवलं, आणि त्या हसण्यातच माझा बांध फुटला.

“रड नंतर,” काका म्हणाले. “आधी फोन लाव. आत्ता. संध्याकाळपर्यंत हे माझ्या डोक्यात राहणार नाही.”

मी लावला. त्यांनी काकूंना सांगितलं, अगं, पोराने नाही केलं ते, मी केलं. मी बरी करायला बसलो होतो. नाही, थट्टा नाही. त्याला बोलाव घरी. मी विसरलो तरी तू विसरू नकोस. मग फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसले.

मी काकूंना दोनदा हाक मारली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “छोटूने केलं असतं तर बरं झालं असतं गं.”

डिस्क मी नीट केली. ती झिजतही आली होती, मशीन त्यामुळेच रखडत होतं, म्हणून या खेपेला काही पॅटर्न गेले, बहुतेक वाचले. पाठीला बाक असलेल्या एका मुलीचा कोट पूर्ण गेला, पण काकू म्हणाल्या, ती तशीही वाढलीय, पुन्हा मापं घ्यायचीच होती. काकांना त्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोळ्यांची डबी मात्र टेबलावर आली.

रविवारी मी डिस्क घेऊन त्यांच्या घरी गेले तर छोटू आलेला होता. आई-मुलात काय बोलणं झालं होतं कोण जाणे. काकू त्याच्या शर्टाची बाही उलटी करून शिवण बघत होत्या आणि तो निमूट हात पुढे करून उभा होता, त्यावरून मी ओळखलं की मिटलंय. तिघांनी मिळून ठरवलं होतं, की कॉम्प्युटर आता काकूंच्या खोलीत ठेवायचा आणि त्या खोलीला कडी लावायची. काकाही त्या बैठकीत होते म्हणे, आणि त्यांनीच हे सुचवलं होतं.

मी डिस्क टेबलावर ठेवली. काका बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी ती पाहिली, उचलली, कानाजवळ नेऊन हलवली. चेहरा एकदम कामाचा झाला.

“हिला काय झालं?” त्यांनी विचारलं. त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि नजर मुलावर येऊन थांबली. “छोट्या, तू हात लावलास का हिला?”

काकूंनी तोंड उघडलं. बाहीतला हात छोटूने तसाच राहू दिला, दुसऱ्या हाताने आईचं मनगट धरलं. याच एका प्रश्नावरून तो इतके रविवार या घराची पायरी चढला नव्हता.

“हो बाबा,” तो म्हणाला. “माझ्याकडूनच झालं.”

काका हसले. छोटूचा हात, वस्तूचा घात, म्हणाले, आणि त्याच्या पाठीत एक धपका घातला. मग म्हणाले, असू दे, असू दे, मी आहे ना. खुर्ची ओढून त्यांनी त्याला शेजारी बसवलं. काकू आत गेल्या. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

काका छोटूला शिकवत होते. पहिली गोष्ट, पेशंटवर थेट हात चालवायचा नाही, आधी प्रत काढायची, काय काढायची? प्रत, बाबा. शाबास. आता आकडे. माझ्यामागून म्हण, चालीवर, नाहीतर राहत नाहीत डोक्यात. त्रेसष्ट. छोटू म्हणाला, त्रेसष्ट. अठरा. अठरा. शहात्तर. शहात्तर. शून्य चार. शून्य चार.

मग काका थांबले. त्यांनी डिस्ककडे बघितलं, मग खिडकीकडे. बोट हवेत तसंच होतं. छोटू त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता, त्याला तर पुढचं येणं शक्यच नव्हतं.

“बावन्न,” मी म्हटलं.